तिथीची भरती

लाट डावीकडून उजवीकडे जाते की उजवीकडून डावीकडे, हे त्या घरात कुणालाच खात्रीने सांगता येईना. साहेब म्हणाले, डावीकडून. वहिनी म्हणाल्या, "नाही हो, ती समोरून अंगावर येते." त्यांचा दहावीतला मुलगा म्हणाला, आधी अंधार असतो, मग खालून सोनेरी पाणी चढतं. तिघांनीही ती लाट साडेतीन वर्षं आपल्या दिवाणखान्यात पाहिली होती. सोळा फूट रुंद, नऊ फूट उंच.

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार, वसुबारस. वरळीतल्या त्या घरी रात्री आठला साठेक पाहुणे येणार होते आणि एलईडीची अख्खी भिंत काळी पडलेली होती.

वीज, पडदा किंवा संगणक लागतो अशा कलाकृती लावायच्या, चालत्या ठेवायच्या आणि बंद पडल्या की पुन्हा उभ्या करायच्या, हे माझं काम. गॅलऱ्या बोलावतात, घरं बोलावतात. या घरी मी पहिल्यांदाच जात होते. भिंत दुसऱ्या कुणी बसवलेली होती. सकाळी दहाला मी आणि माझा मदतनीस पोचलो, जाळी काढली, मागे शिरलो. सहाशे बाय साडेतीनशे मिलीमीटरच्या आसपासची चौसष्ट कॅबिनेट, आठाच्या आठ रांगा, जोडकाम नीटनेटकं. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे टेस्ट पॅटर्न सोडले. एका कोपऱ्यातले चार-पाच ठिपके मेलेले होते, बाकी भिंत ठणठणीत होती. बिघाड भिंतीत नव्हताच. जे दाखवायचं तेच नव्हतं.

साहेबांनी ती लाट २०२१ च्या एप्रिलमध्ये एनएफटी म्हणून घेतली होती. एनएफटी म्हणजे ब्लॉकचेनवर, अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीत, केलेली मालकीची नोंद. ते दिवस आठवतात ना? ११ मार्च २०२१ ला क्रिस्टीजच्या ऑनलाइन लिलावात बीपल या डिजिटल चित्रकाराचं 'एव्हरीडेज' ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेलं आणि माझा फोन थांबेना. ज्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ कलाकृती घरी लावली नव्हती तेही विचारत होते, "आपल्याकडे काय घेता येईल?" त्या चित्राबद्दल मला अजूनही हळहळ वाटते. १ मे २००७ पासून त्या माणसाने रोज एक चित्र केलं, पाच हजार दिवस, एकही खाडा नाही. ती पाच हजार चित्रं २१,०६९ बाय २१,०६९ पिक्सेलच्या एका चौकोनात बसवली, म्हणजे दर चित्राच्या वाट्याला साधारण तीनशे पिक्सेल रुंदी आली. साडेतेरा वर्षांहून अधिक काळाचं रोजचं बसणं त्यात आहे. वाईट काय, चांगलं काय, हात कुठे वळला, हे बघायला कुणीतरी त्या चौकोनात शिरायला हवं होतं. चर्चा मात्र आकड्याचीच झाली. मला विचारणाऱ्यांतल्या एकानेही त्यातल्या एखाद्या चित्राचं नाव काढलं नाही.

साहेबांनी मला वॉलेट, म्हणजे अशा नोंदी सांभाळणारं अॅप, उघडून दाखवलं. टोकन, म्हणजे ती नोंद, जागेवर होतं, क्रमांक बरोबर, मालक म्हणून त्यांचाच पत्ता. "मग गेलं काय?" ते म्हणाले. "ब्लॉकचेनवर आहे म्हणजे कायमचं आहे, असंच सांगितलं होतं मला."

हे मी आजवर बऱ्याच घरांत समजावून सांगितलंय, तरी दर वेळी जीव कासावीस होतो. साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, बहुतेक वेळा चित्र नसतंच. तिथे असतो एक क्रमांक, मालकाचा पत्ता आणि एक दुवा. दुवा एका छोट्या माहितीफाइलकडे नेतो, ती फाइल पुढे चित्राकडे नेते. साहेबांच्या टोकनमधला दुवा ज्या कंपनीकडून त्यांनी खरेदी केली तिच्याच सर्व्हरकडे जात होता आणि त्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. मी त्यांना म्हटलं, "साहेब, सातबारा तुमच्याच नावावर आहे. शेताकडे जाणारी पाणंद तेवढी नांगरली गेलीय." गावाकडचे असल्यामुळे त्यांना हे लगेच कळलं. चेहरा पडला.

सगळ्याच एनएफटींचं असं होतं असं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक एका झटक्यात सगळंच मोडीत काढतात. २०१७ च्या क्रिप्टोपंक्सचं घ्या. दहा हजार चेहरे, प्रत्येक २४ बाय २४ पिक्सेल. त्या सगळ्यांच्या एकत्र चित्राचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा, करारातच, म्हणजे ती टोकनं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, घातलेला होता. पुढे २०२१ मध्ये चित्रंही साखळीवर गेली. हिक एट नंक नावाची एक जागा होती, स्वस्तात, प्रयोग करणाऱ्या कलाकारांची. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती उभी करणाऱ्यानेच अचानक बंद केली, पण फाइली आयपीएफएसवर, म्हणजे अनेकांच्या संगणकांवर मिळून ठेवलेल्या साठ्यात, असल्याने वापरणाऱ्यांनीच तिच्या प्रतिकृती उभ्या केल्या. तिथे लोकांना आपण काय जमवतोय, ते कुठे राहतं हे ठाऊक होतं. साहेबांच्या टोकनमध्ये ठसाही नव्हता. म्हणजे उद्या कुणी "हीच ती लाट" म्हणून फाइल आणून दिली, तरी पडताळायला माझ्याकडे काहीच नाही.

म्हणून मी तिघांना बसवून विचारत होते. लूप किती सेकंदांचा? आवाज होता का? सुरुवात अंधारातून की उजेडातून? फेस पांढरा की सोनेरी? कलाकृती बंद पडली की मी आधी हेच विचारते, कारण तिच्यात काय बदललेलं चालेल आणि काय अजिबात चालणार नाही हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालता येत नाही. वहिनींनी मग फोनमधल्या क्लिपा काढल्या. वाढदिवस, हळदीकुंकू, कंपनीचं गेट-टुगेदर. सगळीकडे माणसं पुढे आणि लाट पाठीमागे. काही क्लिपांत ती उजवीकडे जाई, काहींत डावीकडे. मी चक्रावले. मग एका पोराच्या टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसली. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्या क्लिपा आरशासारख्या उलट्या जतन झाल्या होत्या. मग एकेका क्लिपेत पाटी, शर्टाचा खिसा, घड्याळाचा हात शोधत बसले. तासाभराने ठरलं: लाट डावीकडून उजवीकडे जाते. एवढ्या क्लिपांत लाटेकडे तोंड करून उभा असलेला माणूस एकच होता, पडदे लावायला आलेला कारागीर. तो चुकून चौकटीत आला होता आणि मान वर करून बघत होता.

कलाकार युरोपात राहणारा, आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. त्याला पत्र पाठवलं आणि वाट बघत बसले.

तेवढ्यात आतून आजींचा निरोप आला. साहेबांच्या आई. "ती यंत्राची बाई आलीय ना, तिला म्हणावं माझी रेघही बघून जा."

साहेब जरा ओशाळले. म्हणाले, "आईच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. बाबांनी घेतलेला. ती गणपतीपासून म्हणतेय बिघडलाय, पण चालू तर आहे."

आजींची खोली मागच्या बाजूला. दिवाणखान्यातून समुद्र दिसतो, आजींच्या खिडकीतून शेजारच्या टॉवरचं पार्किंग. भिंतीवर सागवानी चौकटीत पंधरा इंची पडदा, खाली खोक्यात २००४ च्या सुमाराचा संगणक. पडद्यावर करड्या रंगावर एकच आडवी रेघ, किंचित उजळ करड्या रंगाची, एक पिक्सेल जाड. बस. मी पाच मिनिटं बघत राहिले, रेघ हलली असं वाटेना. चौकटीच्या कडेला पेन्सिलची खूण केली, आजींनी दिलेला चहा घेतला आणि पुन्हा पाहिलं. रेघ खुणेच्या खाली गेली होती.

"ओहोटी दाखवतेय," आजी म्हणाल्या. "आज द्वादशी. सकाळी आठच्या आत एकादशी संपली. म्हणजे नऊला भरती, तीनला सुकती. आता साडेअकरा झालेत, रेघ मध्याच्या जरा वर हवी. ही तर तळाशी गेलीय."

तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी पुन्हा एकपासून. छापील तक्त्याशी अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. ती रेघ या हिशोबाने चालत होती. संगणक दिवसाची तिथी काढायचा, तिथीवरून भरतीची वेळ, आणि रेघ सहा तास चढायची, सहा तास उतरायची. अर्ध्या मिनिटाला साधारण एक पिक्सेल. चढउताराच्या मध्यावर जरा भरभर, टोकांना जवळपास थांबलेली, पाण्यासारखी.

"गणेश चतुर्थीला दुपारी तीनला बघितलं तर रेघ तळाला," आजी सांगत होत्या. "तेव्हाच म्हटलं मी. तर म्हणतात, आई, लाइट लागलाय ना, मग चालू आहे."

मी तारीख तपासली. संगणकाच्या हिशोबाने तेव्हा २००३ चा मार्च चालू होता. ऑगस्टात सोसायटीची वीज दोन तास गेली होती, तेव्हा मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपलेला असल्याने तारीख मूळपदावर गेली. संगणक सुरू होताना अडला असणार, तर नातवाने पडद्यावर लिहिल्याप्रमाणे एफ-वन दाबून पुढे ढकलला. यंत्राच्या दृष्टीने सगळं सुरळीत. वीस वर्षं रोज ती रेघ बघणाऱ्या बाईने बिघाड पकडला होता, तोही यंत्र न उघडता, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असं निदान मला कुणी करून दिलेलं नाही.

खोक्याच्या झाकणाला आतून एक प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली होती. तिच्यात एक कागद, निळ्या शाईतलं वळणदार मराठी. कलाकार तेव्हा विद्यार्थी होता, मुरूडकडचा. आजोबांनी एका विद्यार्थी-प्रदर्शनात अठरा हजारांना ही कलाकृती घेतली तेव्हा त्याने तो लिहून दिला होता. मी उभ्याउभ्याच वाचला. यंत्र बदललं तरी चालेल. पडदा बदलला तरी चालेल, पण हातभरापेक्षा मोठा नको. ही खिडकी आहे, समुद्र नाही. रेघ जितकी बारीक दिसू शकेल तितकीच बारीक ठेवावी. तिथी बदलताना रेघ एकदम सरकते, ती चूक नाही. आणि शेवटी: "भरतीची वेळ सरकारी तक्त्याशी जुळणार नाही. जुळवू नये. हा हिशोब माझ्या आजाचा आहे."

मी तो कागद दोनदा वाचला. खरं सांगते, तो मिळाला नसता तर मी चूक केली असती. आज भरती-ओहोटीची अचूक वेळ इंटरनेटवरून दर मिनिटाला मिळते. जुनं यंत्र काढून नवं, तळहाताएवढं बसवायचं, त्याला ती माहिती जोडायची आणि घरच्यांना सांगायचं की आता तुमची रेघ अगदी बिनचूक चालेल, हे मी अभिमानाने केलं असतं. आणि एका कोळ्याचा समुद्र पुसून टाकला असता.

चित्रकार अकबर पदमसींची गोष्ट मला अशा वेळी हमखास आठवते. १९६९ च्या सुमारास त्यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांच्यासाठी एक कार्यशाळा उभी केली. चित्रकार नलिनी मालानींचं सुरुवातीचं काम तिथलंच. तिथे पदमसींनी दोन छोटे चित्रपट केले. त्यांतला 'सिझिगी', नुसत्या रेघांचा आणि बिंदूंचा, टिकला. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची एकच प्रत होती आणि ती हरवली. आज तो मूळ चित्रपट कुणालाच बघता येत नाही. कुठल्याही घरी गेल्यावर "दुसरी प्रत कुठे आहे?" हा प्रश्न मी आधी विचारते तो त्यामुळे. सिझिगी म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येणं. त्याच सुमाराला समुद्राला उधाण येतं. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग अमावास्येला ये बघायला, चार दिवस राहिलेत."

पुढचं काम सरळ होतं. हार्ड डिस्क काढून आधी तिची जशीच्या तशी प्रत घेतली, प्रतीचा हॅश वहीत उतरवला, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगलेले होते, ते बदलले. नाण्याएवढा सेल नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून पन्नास रुपयांत आणला. तारीख-वेळ लावली, संगणक सुरू केला. आजी खुर्ची ओढून समोरच बसलेल्या. तेव्हा सव्वातीन वाजले होते. रेघ तळाला होती. या वेळी बरोबर तळाला.

"आता चढेल," त्या म्हणाल्या आणि वाती वळायला घेतल्या.

चारच्या सुमारास युरोपातून उत्तर आलं. माणूस सज्जन निघाला. त्याने स्वतःहून कळवलं की मूळ फाइल त्याच्याकडे राहिलेली नाही. २०२२ मध्ये त्याने तीच कलाकृती नव्याने रेंडर केली, म्हणजे संगणकाकडून पुन्हा घडवून घेतली, ती पाठवतोय, हवं तर तिचा हॅश सही करून देतो. फाइल उतरवली, भिंतीवर सोडली. सुंदर होती, यात शंका नाही. पाण्याच्या एकेका थेंबाचं गणित केलेलं, फेसाच्या कडा जिवंत. मला भव्यतेचा राग नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात २०२२ च्या नोव्हेंबरपासून रेफिक अनादोल या कलाकाराची, कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली चोवीस फुटी कलाकृती होती, तिचा व्हिडिओ दाखवून साहेब मला म्हणाले होते, "मला असं काहीतरी हवं होतं." तिथे निदान पडद्यामागे त्या संग्रहालयाचा संग्रह पोसणीला होता, यंत्र कशावर शिकलं हे सांगता येत होतं. इथे नवी लाट उजवीकडून डावीकडे जात होती.

मी साहेबांना बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. ही तुम्ही घेतलेली लाट नाही. तिची बहीण आहे म्हणा. दिशा उलटी आहे, रंगही जरा थंड आहे, आणि मूळ कशी होती हे ठरवायला आपल्याकडे फोनच्या क्लिपाच आहेत. ते बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. मग विचारलं, "तुम्ही शोधलं नसतंत तर मला कळलं असतं?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांना ते लागलं. हा माणूस उथळ नाही. तारापूरला रसायनांचा कारखाना उभा केलाय, रिअॅक्टरच्या आवाजावरून आत काय चाललंय सांगतो म्हणे. चित्र घेताना मात्र त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की इथेही कान लावायचा असतो. विकणाऱ्याने आकडा सांगितला, लावणाऱ्याने आकार सांगितला. आमच्या क्षेत्रातल्या लोकांवर माझा राग आहे तो इथे. २०२२ पासून एनएफटीच्या नफ्यावर तीस टक्के कर लागला, भाव पडला, विकायची सोय राहिली नाही, तोवर लाटेबद्दल कुणी त्यांच्याशी लाट म्हणून बोललंच नव्हतं.

ते आजींच्या खोलीत आले. रेघ दोन-तीन बोटं चढली होती. मी त्यांना हिशोब समजावून सांगितला, आजी मध्येमध्ये दुरुस्त करत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे डोळे चमकले. "मग ही रेघच आज हॉलमधल्या भिंतीवर लावू या की! सोळा फुटांवर काय दिसेल!"

आजी काही बोलल्या नाहीत. मी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो सावकाश वाचला. खाली आजोबांची सही होती, "अटी वाचल्या, मान्य", आणि तारीख. सहीवर त्यांचा अंगठा थांबला. मग कागद घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "लाटच लावा. नवी. आणि कुणी विचारलं तर मी सांगेन, ही ती नाही."

पाहुणे आले. लाट उलटी जात होती, लोक तिच्याकडे पाठ करून फोटो काढत होते. मी प्रोसेसरपाशी उभी होते. साहेबांना एकाने विचारलं, "तीच ना ही?" त्यांनी त्याला कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगायला सुरुवात केली. तो माणूस ऐकत होता की नव्हता, मला दिसलं नाही.

नऊला पाच कमी असताना सामान उचलायला आत गेले. दाराशी तुळशीजवळ पणती, आत दिवा मालवलेला. रेघ वरच्या कडेला टेकत आली होती. आजी, त्यांचा नातू आणि माझा मदतनीस, तिघंही बसून होते, कुणी बोलत नव्हतं. मीही पलंगाच्या कडेला टेकले. नऊ वाजले, नऊ-दहा झाले. रेघ थांबलीय की उतरू लागलीय, सांगता येत नव्हतं. नातू हळूच म्हणाला, "आजी, आता?" आजींनी नुसता हात वर केला, थांब म्हणून. सकाळची पेन्सिलची खूण अजून चौकटीवर होती. ती मी पुसली नाही.

निघताना त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला नोंद केली. पुढे कधी कुणी ते खोकं उघडेल त्याच्यासाठी. "२८ ऑक्टोबर २०२४, आश्विन वद्य द्वादशी. घड्याळाचा सेल आणि दोन कपॅसिटर बदलले. डिस्कच्या दोन प्रती केल्या, एक घरी, एक माझ्याकडे. तारीख दुरुस्त केली. भरतीची वेळ दुरुस्त केलेली नाही."